रक्तवाढीची गोळी घरात आली. आता ती ठेवायची कुठे?



वर्षावास सुरू आहे. विहारात ग्रंथवाचन चालू आहे, बाहेर पाऊस आहे आणि घरातल्या भिंतींना ओल आली आहे. या दिवसांत मिठाच्या बरणीला पाणी सुटते, पापड मऊ पडतात, काडेपेटी पेटत नाही. घरात ठेवलेल्या गोळ्यांचेही तसेच होते, फक्त ते लगेच डोळ्यांना दिसत नाही. म्हणून या वेळी आम्ही गोळ्या घेण्याविषयी कमी आणि गोळ्या ठेवण्याविषयी जास्त लिहिणार आहोत.

आपल्या वस्तीतील बहुतेक घरांत आज काही ना काही ताकदीचे औषध असते. गरोदर सुनेच्या रक्तवाढीच्या लाल गोळ्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या. शाळेतून मुलीला मिळालेली निळी गोळी. अंगणवाडीताईंनी किंवा आशाताईंनी दिलेली लहान बाळाची लोहाची बाटली. आजीच्या हाडांसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी. कोणाकडे बी-कॉम्प्लेक्स, कोणाकडे मेडिकलमधून आणलेले मल्टिव्हिटॅमिन. ही सारी औषधे बहुधा एकाच पिशवीत खुंटीला लटकलेली, फ्रीजवर पडलेली किंवा खिडकीत उभी असतात. तिथेच नुकसानीला सुरुवात होते.

हा विषय छोटा का नाही

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या दर १०० महिलांपैकी सुमारे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत हे प्रमाण शंभरात सुमारे ६९ होते. म्हणजे हा दोन-चार घरांचा प्रश्न नाही. त्यासाठीच ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या कार्यक्रमातून गोळ्या मोफत मिळतात. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस लोहाची गोळी घ्यायची असते. मोजले तर एका बाळंतपणासाठी ३६० गोळ्या होतात. घरात एवढे औषध येणार असेल तर ते ठेवण्याची जागाही ठरलेली हवी.

या गोळ्या म्हणजे कोणी केलेला उपकार नव्हे. १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी कष्टकरी आईच्या प्रकृतीचा प्रश्न सरकारच्या दारात नेऊन ठेवला होता. आईचे आरोग्य हा तिचा हक्क आहे. हक्काने मिळालेली वस्तू ओलीत विरघळू देणे आपल्याला परवडणारे नाही.

औषध साठवण्याचा विचार आपल्या परंपरेत नवाही नाही. विनयपिटकाच्या महावग्गात औषधांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. आजारी भिक्खूंसाठी तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी या पाच वस्तू औषध म्हणून घेण्याची परवानगी तथागतांनी दिली. पुढे पिलिंदवच्छ थेरांच्या शिष्यांकडे या वस्तूंचा साठा वाढत गेला. मडकी भरली, पिशव्या भरून खिडक्यांत टांगल्या. त्या पाझरू लागल्या आणि निवासात उंदरांचा सुळसुळाट झाला. तेव्हा नियम झाला की ही औषधे सात दिवसांपेक्षा जास्त साठवून ठेवायची नाहीत. औषध हवे, पण गरजेपुरते, नीट ठेवलेले आणि मुदतीतले हवे, एवढा बोध त्यातून आजही घेता येतो.

गोळी खराब होते म्हणजे काय होते

गोळीचे शत्रू चार: उष्णता, ओल, उजेड आणि हवा.

लोहाच्या गोळीला ओल लागली की वरचे साखरेचे आवरण चिकट होते, त्याला तडे जातात आणि आतल्या लोहाचा हवेशी संबंध येतो. उघड्यावरचा खिळा गंजतो, त्यातलाच हा प्रकार. गोळीवर तपकिरी डाग दिसू लागतात. क जीवनसत्त्वाला उष्णता, ओल आणि हवा तिन्ही सोसत नाहीत. पांढरी गोळी पिवळी, मग तपकिरी पडते आणि तिचा गुण कमी होत जातो. अ जीवनसत्त्व, फॉलिक ॲसिड आणि बी गटातली काही जीवनसत्त्वे उजेडाने खराब होतात. म्हणूनच अशी औषधे गडद रंगाच्या बाटलीत किंवा चंदेरी स्ट्रिपमध्ये येतात. माशाच्या तेलाच्या मऊ कॅप्सूल उन्हाळ्यात एकमेकींना चिकटतात आणि आतले तेल खवट होते.

बहुतेक पाकिटांवर ३० अंशांपेक्षा कमी तापमानात, काहींवर २५ अंशांपेक्षा कमी तापमानात, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवा असे लिहिलेले असते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेरच पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याखाली काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. मुंबई-ठाण्याकडे ऊन थोडे कमी, पण पावसाळ्याची दमट हवा गोळ्यांना मऊ करते. आपण हवामान बदलू शकत नाही. घरातल्या घरात बरी जागा मात्र शोधू शकतो.

पत्र्याच्या घरात बरी जागा कोणती

आधी नको असलेल्या जागा पाहू.

ओट्याजवळची मांडणी नको. तिथे गॅसची धग आणि भाताची वाफ दोन्ही लागतात. मोरीजवळचा कोनाडा आणि आरशामागची फळी नको. तिथे कायम दमटपणा असतो. फ्रीजवर नको, कारण फ्रीज आपली आतली उष्णता बाहेर टाकतो. टीव्हीजवळ नको, तोही तापतो. खिडकीत नको, सकाळ-संध्याकाळ ऊन येते आणि पावसाची झडही येते. तथागत आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमेखालच्या फळीवर अनेक घरांत औषधे आदराने ठेवली जातात. पण तिथे मेणबत्ती आणि अगरबत्ती लागते, म्हणून तीही जागा औषधाची नाही.

फ्रीजच्या आत ठेवले तर? साध्या गोळ्यांना त्याची गरज नसते. गार गोळी बाहेर काढली की तिच्यावर पाणी धरते, आणि वारंवार तसे झाले की ती ओलसर होते. फ्रीजमध्ये तेच औषध ठेवावे ज्याच्या वेष्टनावर २ ते ८ अंशांत ठेवा असे लिहिले आहे.

आता खरी अडचण. मुलांचा हात पोहोचू नये म्हणून आपण औषध उंचावर, माळ्यावर ठेवतो. पण पत्र्याच्या घरात सर्वांत गरम जागा म्हणजे पत्र्याखालचा माळाच. खाली ठेवावे तर रांगणारे बाळ आणि फरशीची ओल. वर ऊन, खाली मूल, अशा पेचात उंचीवर भरवसा ठेवता येत नाही. कुलूप किंवा घट्ट कडी हाच भरवशाचा उपाय.

आमचे सांगणे असे: घरातली जी भिंत दुपारच्या उन्हाची नाही, त्या बाजूला मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर औषधाची जागा ठरवावी. लोखंडी कपाट असेल तर त्याच्या मधल्या खणात, कपड्यांच्या घड्यांमध्ये औषधाचा डबा ठेवावा. कपडे बाहेरची उष्णता काही प्रमाणात अडवतात आणि कपाटाला किल्ली असते. कपाट नसेल तर कडी-कुलूप लावता येईल असा स्टीलचा डबा किंवा छोटी पेटी घ्यावी. जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा चालतो, पण तो मुले सहज उघडतात; त्याला दोरी बांधणे म्हणजे कुलूप नव्हे.

नाल्याकाठच्या वस्तीत पावसाळ्यात घरात पाणी शिरते. तिथे हा डबा रेशनकार्ड आणि दाखल्यांच्या पिशवीजवळ ठेवावा, म्हणजे घाईत दोन्ही एकदमच उचलता येतात. पुराचे किंवा गटाराचे पाणी लागलेली औषधे, स्ट्रिप वरून बंद दिसली तरी, पुन्हा वापरू नयेत. आशाताईंना सांगून नव्या गोळ्या मागाव्यात.

स्ट्रिप, बाटली, पुडी

सर्व गोळ्या स्ट्रिपमधून काढून एका बरणीत भरण्याची सवय काही घरांत आहे. दिसायला ते नीटनेटके वाटते, पण त्यात तीन तोटे आहेत. गोळीचे ओलीपासूनचे संरक्षण जाते, नाव जाते आणि मुदतीची तारीखही जाते. म्हणून गोळी घ्यायच्या वेळीच स्ट्रिपमधून काढावी.

कामावर जाणाऱ्या भगिनींनी स्ट्रिप बटव्यात किंवा ब्लाउजमध्ये ठेवू नये. घामाने आणि अंगाच्या उष्णतेने गोळ्या खराब होतात. दुपारची गोळी सोबत न्यायची असेल तर तेवढाच खण, गोळी बंद राहील असा, कात्रीने कापून न्यावा. कापताना सुरुवात तारीख नसलेल्या टोकाकडून करावी. तारीख छापलेला तुकडा शेवटपर्यंत घरात राहिला पाहिजे.

बाटलीतल्या गोळ्या असतील तर झाकण प्रत्येक वेळी घट्ट लावावे. आत जी छोटी पांढरी पुडी असते ती ओल शोषून घेण्यासाठी असते. ती काढून टाकू नये, आणि ती खायचीही नसते, हे मुलांना सांगावे. बाटलीच्या तोंडाशी कापूस असेल तर तो मात्र पहिल्या दिवशीच काढून टाकावा. उघडझाप सुरू झाली की तो हवेतली ओल धरून ठेवतो. गोळ्या ओल्या हाताने काढू नयेत आणि तळहातावर ओतून उरलेल्या परत बाटलीत टाकू नयेत.

लहान बाळाची लोहाची बाटली साधारण ५० मिलिलिटरची असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाला आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर द्यायचे असते. म्हणजे ही एक बाटली पंचवीस आठवडे, जवळपास सहा महिने घरात राहते. बाटली फोडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर पेनाने लिहावी, ती उभी ठेवावी आणि तोंड पुसून झाकण लावावे. औषध बाटलीसोबत आलेल्या मापानेच द्यावे. घरातल्या चमच्याचा भरवसा नसतो. हे औषध सुरू झाल्यावर बाळाची शी काळपट होते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

जुलाबात मिळणाऱ्या झिंकच्या गोळ्याही स्ट्रिपमध्येच ठेवाव्यात आणि देतेवेळी चमच्यात विरघळवाव्यात. ओआरएसचे पाकीट कोरड्या जागी ठेवावे. एकदा पाण्यात मिसळले की ते २४ तासांत संपवावे, उरले तर टाकून द्यावे.

इथेच मिठाचेही सांगतो, कारण आयोडीन हेही शरीराला लागणारे सूक्ष्म पोषण आहे. उघड्या बरणीत, चुलीजवळ, ओलसर हवेत ठेवलेल्या मिठातले आयोडीन कमी होत जाते. मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत, धगीपासून दूर ठेवावे.

सर्वांत महत्त्वाचे: मुलांचा हात

आपल्या भाषेत दुकानातल्या गोड गोळीलाही गोळी म्हणतात आणि औषधाच्या गोळीलाही गोळीच. त्यात लोहाची गोळी लाल, गुळगुळीत आणि वरून गोड. दोन वर्षांच्या मुलाला यातला फरक कळणार कसा? पाच ते नऊ वर्षांच्या मुलांची गोळी गुलाबी आणि किशोरवयीन मुलामुलींची निळी. मुलांच्या नजरेत हे सगळे खाऊचेच रंग आहेत.

म्हणून एक हिशोब सर्वांनी लक्षात ठेवावा. गरोदर बाईच्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. मुलाच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे २० मिलिग्रॅम लोह पोटात गेले तर विषबाधेची लक्षणे दिसू शकतात, आणि ६० मिलिग्रॅमच्या पुढे जिवाला धोका असतो. दहा किलो वजनाच्या बाळाने चार गोळ्या खाल्ल्या तर पहिली रेषा ओलांडली जाते. दहा गोळ्या खाल्ल्या तर दुसऱ्या रेषेवर पोहोचते. दहा गोळ्या म्हणजे अनेकदा एक पूर्ण स्ट्रिप. आईला बळ देणारी तीच वस्तू तिच्या बाळाला विष ठरू शकते.

लक्षणे अशी: उलट्या, पोटदुखी, जुलाब, कधी उलटीत किंवा शौचात रक्त. हे बहुधा पहिल्या सहा तासांत होते. त्यानंतर काही तास मूल बरे झाल्यासारखे दिसू शकते. उलटी थांबते, मूल शांत होते आणि घरचे निश्चिंत होतात. या टप्प्यावर फसू नये. आत यकृताला आणि रक्ताभिसरणाला इजा होत असते आणि नंतर प्रकृती एकदम ढासळते.

म्हणून मुलाने लोहाच्या गोळ्या खाल्ल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट पाहू नये. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी काढू नये. दृष्ट काढणे, अंगारा, उतारा यात एक मिनिटही घालवू नये. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात त्याला जागा नाही. रिकामी स्ट्रिप किंवा बाटली सोबत घ्यावी, किती गोळ्या कमी आहेत ते मोजावे, १०८ वर फोन करून गाडी बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने मोठ्या सरकारी रुग्णालयात जावे. डॉक्टरांना गोळीचे नाव, संख्या, अंदाजे वेळ आणि मुलाचे वजन सांगावे.

आणि रोजची एक सवय लावावी. मुलाला औषध देताना “गोळी खा, गोड आहे” असे म्हणू नये. “हे औषध आहे, आई देईल तेव्हाच घ्यायचे” असे म्हणावे. मोठ्यांनीही मुलांच्या देखत गंमत म्हणून गोळी तोंडात टाकू नये. मुले तेच करून पाहतात. पाहुणे आले की त्यांची औषधाची पिशवी जमिनीवर राहू देऊ नये. आजीच्या उशाखालच्या गोळ्याही त्याच डब्यात जाव्यात.

कोणाची गोळी कोणाला

एका डब्यात चार जणांची औषधे असली की अदलाबदल होते. प्रत्येकासाठी कापडाची किंवा जाड कागदाची वेगळी पिशवी करावी आणि तिच्यावर नाव लिहावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी खूण करावी: सकाळच्या औषधावर सूर्य, रात्रीच्या औषधावर चंद्र. गोळी घेतली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला रेघ मारावी, म्हणजे विसरून दोनदा घेतली जात नाही.

लोह आणि कॅल्शियम शेजारी ठेवले तरी एकत्र घेऊ नयेत. कॅल्शियम लोहाला अंगात शिरू देत नाही. दोन्हींमध्ये किमान दोन तासांचे अंतर हवे. लोहाची गोळी चहासोबतही घेऊ नये, पाण्यासोबत घ्यावी. आवळा किंवा लिंबू जेवणात असेल तर उत्तम.

‘ड’ जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल डॉक्टर साधारणपणे आठवड्यातून एकदा घ्यायला सांगतात. ती रोजच्या गोळ्यांत मिसळली आणि चुकून रोज घेतली गेली तर रक्तातले कॅल्शियम वाढते, मळमळ होते, सतत तहान लागते, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. ही पुडी वेगळी ठेवावी आणि तिच्यावर वार लिहावा, जसे ‘फक्त रविवार’.

विदर्भातील वाचकांना एक खास सूचना. आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेलच्या रुग्णाला डॉक्टर बहुधा रोज फॉलिक ॲसिड देतात. पण “अंगात रक्त कमी आहे” म्हणून वहिनीची लाल गोळी त्याला देऊ नये. त्याचे रक्त कमी असण्याचे कारण वेगळे असते, आणि ज्यांना वारंवार रक्त चढवले जाते त्यांच्या शरीरात लोह आधीच साठलेले असू शकते. तपासणी करून डॉक्टरांनी सांगितले तरच त्यांनी लोह घ्यावे. अशा रुग्णाला हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूल चालू असतील तर त्या कुलपात, पूर्ण वेगळ्या ठेवाव्यात, फोडू नयेत आणि गरोदर बाईने त्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये. सिकलसेलची वाहक असलेली व्यक्ती आजारी नसते, तरी गरोदरपणात तिने तपासणीचे कार्ड नर्सताईंना जरूर दाखवावे.

तारीख कशी वाचायची आणि केव्हा टाकून द्यायची

स्ट्रिपवर इंग्रजीत ई-एक्स-पी ही तीन अक्षरे शोधावीत. त्यांच्यापुढे महिना आणि वर्ष असते. त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध वापरता येते. एम-एफ-जी किंवा एम-एफ-डी ही औषध तयार झाल्याची तारीख असते. दोन्हींत गफलत करू नये. घरातल्या शाळकरी मुलाकडून ती वाचून घ्यावी. त्याला इंग्रजीचा सराव होतो आणि आजीचे कामही होते.

मात्र तारीख ही नीट ठेवलेल्या औषधासाठी असते. उन्हात किंवा ओलीत राहिलेली गोळी तारखेआधीही बाद होऊ शकते. गोळीचा रंग बदलला, डाग पडले, ती मऊ, चिकट किंवा भुगा झाली, कॅप्सूल फुगली, तेलाला खवट वास आला, पातळ औषधात गाठी झाल्या, तर ते घेऊ नये. बी-कॉम्प्लेक्सचा उग्र वास मात्र मूळचाच असतो; तेवढ्यावरून ते खराब समजू नये.

टाकून द्यायचे औषध मोरीत, नाल्यात किंवा उघड्या कचऱ्यात फेकू नये. तिथे मुले खेळतात, जनावरे फिरतात. गोळ्या स्ट्रिपमधून काढून ओल्या चहाच्या चोथ्यात किंवा मातीत मिसळाव्यात, पिशवीला गाठ मारावी आणि ती घंटागाडीत द्यावी. चांगल्या, मुदतीतल्या, सरकारी गोळ्या उरल्या असतील तर आशाताईंना सांगावे. न घेता लपवून ठेवू नयेत. गोळीने मळमळत असेल तर जेवणानंतर किंवा रात्री घेऊन पाहावी, नर्सताईंशी बोलावे. पण बंद करून ढीग साठवणे हा उपाय नाही.

विकतचे डबे घेण्याआधी

पैसे वाचतील म्हणून शंभर-दोनशे गोळ्यांची मोठी बाटली किंवा ताकदीच्या पावडरीचा मोठा डबा घेऊ नये. दमट घरात तो संपण्याआधी बिघडतो. महिन्याभरापुरते घ्यावे. पावडरीत ओला चमचा घालू नये. आणि डॉक्टरांनी सांगितले नसेल तर हे डबे मुळातच लागतात का, याचा विचार करावा. हरभरे, मटकी, पालेभाज्या, अंडी, कलेजी, सुकट, लिंबू, आवळा यांतून घरखर्चातच बरेच पोषण मिळते. जाहिरातीतल्या डब्यावर गेलेले पैसे अनेकदा मुलांच्या ताटातूनच गेलेले असतात.

विहारातून सुरुवात

वर्षावासात आपण दर रविवारी एकत्र येतोच. वंदना झाल्यावर एका रविवारी प्रत्येक घराने आपला औषधाचा डबा विहारात आणावा. मुले इथे आजूबाजूला असतात, म्हणून डबे मोठ्यांच्याच हातात राहावेत. आशाताईंना निमंत्रण द्यावे. महिला मंडळाने आणि शिकलेल्या तरुणांनी तारखा वाचाव्यात, बाद झालेले वेगळे काढावे, पिशव्यांवर नावे आणि खुणा घालाव्यात. तासाभरात वस्तीचे काम होते. त्या दिवशी ज्या घरात डबाच नाही असे दिसेल, त्या घराला मंडळाने एक कडीचा डबा द्यावा. ते दान लहान वाटेल, पण त्याने एखाद्या बाळाचा जीव वाचू शकतो.

अप्पमाद, म्हणजे सावधपणा, हा धम्माचा पाया आहे असे आपण नेहमी ऐकतो. तो फक्त ध्यानाला बसण्यापुरता नाही. औषध घेऊन झाल्यावर डब्याची कडी लावली की नाही, हे वळून पाहणे हाही अप्पमादच आहे. आज हा अंक खाली ठेवल्यावर आपल्या घरातली गोळ्यांची पिशवी खुंटीवरून काढा आणि तिला थंड, कोरडी, कुलपाची जागा द्या.

जय भीम! नमो बुद्धाय!